पहिल्या पानाच्या पुढं

मारोतराव : मी काय म्हणतो वीरूची माय, सोड थो पुस्तकं ऐकाचा ॲप. दुसरा घे. आपल्या पुतण्याच्या, बंटीच्या मोबाइलमधी हाय ना, थो मोठावाला. पहिला महिना फुकट, अन् पुस्तकं म्हणशीन तं ढीगभर. दुकान-बिकान निवडाची भानगडच नाई.

गिरजाबाई : बंटी त्याच्यात भुताच्या गोष्टी ऐकते.

मारोतराव : तं तू देवाच्या ऐक. कोण नाई म्हणते?

गिरजाबाई : मले माह्यावालाच पायजे. याच्यातले काही पैसे आपण निवडलेल्या पुस्तकाच्या दुकानाले जातात. तुमच्या मोठावाल्यात कोणाले जातात, सांगा?

मारोतराव : कंपनीले. आणखी कोणाले? धान बी मी मोठ्या मिललेच देतो, तवा तू काही म्हणत नाई.

गिरजाबाई : धान पोटात जाते.

मारोतराव : अन् पुस्तक?

गिरजाबाई : तुमच्या तं कुठंच नाई जात. शाळेत पस्तीस वर्सं पोरं शिकवली मी, घरातलाच एक राहून गेला. तो संदेश पुन्हा ऐकवा बरं.

मारोतराव : चौथ्यांदा! ऐक. 'आपण निवडलेलं पुस्तकांचं दुकान महिनाअखेर बंद होत आहे. ऐकणं सुरू ठेवण्यासाठी कृपया यादीतून दुसरं दुकान निवडा.' झालं? त्या मोबाइलमधल्या बाईले दिवसभर बोलायले लावलं तरी दुकान थोडीच उघडनार हाय!

गिरजाबाई : बंद होऊन राहिलं म्हणते...

मारोतराव : तं होऊ दे ना. नागपूरचं दुकान, तू पाहिलं नाई, त्यायनं तुले पाहिलं नाई. दोन वर्सं झाले, दिवसभर कानात ते बोंडं घालून बसते, हाक मारली तं 'ओ' देत नाई. अन् आता दुकान बंद होते म्हणून सकाळपासून पोटात अन्न नाई. कोण लागते तुह्या थो दुकानदार?

गिरजाबाई : दारात कोण हाय पाहा. चपला काढल्या कोणीतरी.

रक्षा : मी आहे आई. रक्षा.

मारोतराव : तू?

रक्षा : हो मामाजी. आत येऊ का?

मारोतराव : तीन वर्सानं रस्ता सापडला का आंधळगावचा? आमचा पोरगा गेला, त्याच्या तेरवीच्या दिवशी निंगाली तं पाठीमागं पाह्यलं नाई...

गिरजाबाई : येऊ द्या तिले.

मारोतराव : तूच म्हणली होती, या सुनेचं तोंड नाई पाहाचं म्हणून.

गिरजाबाई : मले आता कोणाचंच तोंड दिसत नाई. येऊ द्या.

रक्षा : पूर्णच गेले का डोळे, आई?

गिरजाबाई : उजव्यानं जरासं ऊन कळते. काचबिंदू कोणासाठी थांबते का? बस इथं, खाटेवर. पवनीहून कवा निंगाली?

रक्षा : सकाळीच. भंडाऱ्यापर्यंत एस्टी, तिथून मोहाडीची गाडी.

गिरजाबाई : मंग उपाशीच असशीन. अवो, चाय ठेवा.

मारोतराव : मी? हिच्यासाठी?

गिरजाबाई : मीच ठेवली असती, पण मागच्या बारीले साखर म्हणून मीठ टाकलं, तुमीच बोंबलले.

मारोतराव : ठेवीन मंग. आधी ही कायले आली थे सांगू दे.

रक्षा : दुकान बंद होत आहे, तो मेसेज आला असन ना तुमाले?

मारोतराव : इले कसं माईत?

रक्षा : आमचंच दुकान आहे ते, मामाजी. पवनीचं. यायनंच नोंदवलं होतं त्या यादीत, जाण्याच्या दोन महिन्याआधी.

मारोतराव : वीरूचं? वीरेंद्रचं दुकान?

गिरजाबाई : हो.

मारोतराव : तू तं नागपूरचं म्हणे!

गिरजाबाई : खरं सांगतलं असतं तं तुमी मोबाइल विहिरीत टाकला असता. शेजारची रीना त्या ॲपचा फॉर्म भरून देऊन राहिली होती. म्हणलं, यादी वाच. ती वाचत गेली, नागपूर, अमरावती, वर्धा. मंग म्हणली, आजी, आपल्या पवनीचं बी एक हाय. मी म्हणलं, थांब. तेच.

मारोतराव : म्हणजे दोन वर्सापासून तू माह्या मागं हिले मदत करून राहिली?

गिरजाबाई : हिले नाई. त्याच्या दुकानाले.

रक्षा : मीबी तसंच समजली, आई. गैरसमज नाही करून घेतला.

गिरजाबाई : तुले कसं कळलं, मी निवडलं म्हणून?

रक्षा : दर महिन्याले त्या ॲपवाल्यायची एक चिठ्ठी येते मोबाइलवर. आमचं दुकान कोणी निवडलं, त्यायनं काय काय ऐकलं. पण नाव सगळ्यायचं नाही येत. ज्यायनं नाव कळवाले हो म्हणलं, त्यायचंच येते.

गिरजाबाई : हां... रीनानं विचारलं होतं खरं. 'आजी, दुकानदाराले तुमचं नाव सांगाचं का?'

रक्षा : अन् तुमी हो म्हणल्या.

गिरजाबाई : घाईत म्हणली असन.

रक्षा : अकरा नावं होती. मी खालची दहा नंतर वाचो. तुमचं नाव दिसलं की मनाले म्हणो, चला, आई बऱ्या आहेत. मागच्या पोळ्याच्या महिन्यात तुमी काहीच ऐकलं नव्हतं. तीनदा फोन हातात घेतला मी, तीनदा ठेवला.

गिरजाबाई : दवाखान्यात होती. शुगर वाढली होती.

रक्षा : पुढच्या महिन्यात एकदम सात पुस्तकं! दुकानात एकटीच हासली मी. गिऱ्हाईक पाहातच राहिलं.

मारोतराव : वा रे वा. माह्याच घरात एवढा कारभार चालू होता, अन् मले वाटे, ही भजनं ऐकून राहिली.

गिरजाबाई : बंद काहून करून राहिली दुकान? चालत नाई?

रक्षा : चालत तं तेव्हाही नव्हतं, आई. वह्या, कंपास, रंगपेट्या, याच्यावर तगलं. तगलंच असतं आणखी. पण... माझं लग्न ठरलं.

मारोतराव : लग्न?

रक्षा : गोंदियाले. शाळेत शिकवतात ते. पहिली बायको वारली. सहा वर्षांची मुलगी आहे. बाबांनी पाहिलं, मी हो म्हणलं.

मारोतराव : पाह्य! पाह्य, वीरूची माय! अन् दुकानाच्या पाटीवर माह्या पोराचं नाव हाय, त्याचं काय?

रक्षा : पाटी मी तुमच्यासाठी काढून आणली होती मामाजी. भंडाऱ्याहून पुढच्या गाडीत घेऊ नाही दिली. लांब होती लई. भंडाऱ्याले माझ्या मामेभावाकडं ठेवली आहे.

गिरजाबाई : किती वय तुह्यं आता?

रक्षा : चौतीस.

गिरजाबाई : बरं केलं.

मारोतराव : बरं केलं?

गिरजाबाई : मंग काय जलमभर त्याच्या पाटीखाली बसवाचं तिले? मले बरं वाटून राहिलं असं नाई. आतून नुसतं कापल्यासारखं होऊन राहिलं. पण तिनं बरं केलं. हे सांगाले आली होती, पोरी?

रक्षा : बाकीच्या दहा जणायले मी फोन करून सांगतलं, दुसरं दुकान निवडा म्हणून. तुमच्याकडं मात्र यावंच लागलं. एक विचाराचं होतं. अन् एक वस्तू द्यायची होती.

गिरजाबाई : विचार.

रक्षा : ते तळ्याचं पुस्तक, आई. ती तळ्यावरची कादंबरी. तुमी दुसरी सारी पुस्तकं शेवटापर्यंत ऐकता. ते एकच असं आहे की दर महिन्याले सुरू करता, अन् अडीच मिनिटात बंद. पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा अडीच मिनिटं. दोन वर्षं झाली. काहून?

मारोतराव : नसन आवडत.

रक्षा : न आवडणारं पुस्तक कोणी इतक्या वेळा लावते का, मामाजी?

गिरजाबाई : अवो, तुमी चाय ठेवाले जा.

मारोतराव : नाई जात.

गिरजाबाई : जा म्हणते ना!

मारोतराव : मले काहून हाकलून राहिली? नाई जात मी. काय हाय त्या पुस्तकात?

गिरजाबाई : बसा मंग. कवा ना कवा तुमालेबी ऐकाच लागलं असतं. वीरूची एक सवय होती. गिऱ्हाइकाच्या हातात पुस्तक द्यायच्या आधी तो उभ्याउभ्या त्याले पहिलं पान वाचून दाखवे. पान संपलं की पुस्तक मिटे अन् म्हणे, आता पुढचं तुमी वाचा.

रक्षा : अर्धे लोक तेवढंच ऐकून घरी जात. मी भांडो त्यायच्याशी. ते म्हणत, जाऊ दे, पान तं ऐकून गेला ना.

गिरजाबाई : मलेबी वाचून दाखवे. फोनवर. माह्यासाठी पुस्तक घेतलं की आधी फोन. त्या दिवशी बी केला.

मारोतराव : कोणत्या दिवशी?

गिरजाबाई : त्याच. नागपूरहून.

मारोतराव : नागपूरले तं थो दुकानाचा माल आणाले गेला होता.

गिरजाबाई : नाई. माह्यं पुस्तक आणाले गेला होता.

मारोतराव : काय बोलून राहिली तू?

गिरजाबाई : डॉक्टर म्हणले होते, आणखी सहा महिने, फार तं वर्स, मंग अक्षर दिसणार नाई. मी भेली. म्हणलं, दिसते तवर ते एक तळ्याचं पुस्तक वाचून घेते. सकाळी फोन केला त्याले. तो म्हणला, दुकानात नाई आई, नागपूरहून मागवतो, सोमवारी येईन. मी म्हणलं, सोमवारपर्यंत माह्ये डोळे थांबतीन का? आजच पायजे. हट्टच धरला मी, लहान लेकरासारखा. तो हासला अन् गेला. दुपारी नागपूरच्या दुकानातूनच फोन केला, आई, भेटलं. अन् पान वाचलं. संध्याकाळी वापस येता येता, भंडाऱ्याच्या अलीकडं शहापूरजवळ त्याची गाडी त्या उभ्या ट्रकवर...

मारोतराव : पण तू म्हणली, हिनं धाडलं त्याले.

गिरजाबाई : हो.

मारोतराव : तेरवीले. पंगत बसली होती. साऱ्या गावासमोर म्हणली, मालापायी हिनं धाडलं अन् माह्या पोरगा खाल्ला.

गिरजाबाई : हो.

मारोतराव : अन् तुह्या मागं मी बी म्हणलं. माह्या भावानं म्हणलं. इचं सामान आंगणात फेकलं आमी!

गिरजाबाई : मी म्हणली ना! मीच म्हणली! मले ते गिळलं गेलं नाई. मी मांगतलं म्हणून तो गेला, हे घेऊन मी एक रात्र जगली नसती. कोणावर तरी टाकाचं होतं. ही समोर बसली होती, मुकाट्यानं, पदर घेऊन. हिच्यावर टाकलं.

मारोतराव : तीन वर्सं... तीन वर्सं धानाचा ट्रक घेऊन पवनीहून जाऊन राहिलो मी. दुकान रस्त्यावरच हाय. दुकान आलं की ड्रायव्हरले म्हणो, काच वर कर बे.

रक्षा : दिसायचे तुमी मले.

मारोतराव : अन् तू काहून चूप राहिली वो? तुले तं माईत होतं ना, तू धाडलं नाई म्हणून!

रक्षा : मले तेवढंच नाही, सारंच माहीत होतं. पोलिसांनी दुसऱ्या दिवशी यायची पिशवी आणून दिली. तिच्यात माल नव्हताच. एकच पुस्तक होतं. हे घ्या आई. हात पुढं करा.

(वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक गिरजाबाईंच्या मांडीवर येतं. कागद निघतो. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात पुस्तक उलटं धरलं नाही, ती ते उलटं धरून बसते, आणि सरळ करून द्यायला कोणाचाच हात पुढं होत नाही.)

गिरजाबाई : कोपरा दुमडला याचा.

रक्षा : रस्त्यावर पडलं होतं. बाकी काही झालं नाही त्याले. आतल्या पानावर यायच्या हातानं लिहिलेलं आहे.

गिरजाबाई : काय लिहिलं?

रक्षा : 'आईसाठी. एका दमात वाचू नको. रोज थोडं थोडं.'

मारोतराव : दाखव. दाखव मले... त्याचंच अक्षर हाय. तिरपं. किती मारलं होतं तू त्याले या अक्षरापायी, वीरूची माय.

गिरजाबाई : मंग तेरवीले हे माह्या तोंडावर काहून नाई मारलं, पोरी? मी एवढं बोलली, तुह्यापाशी हे होतं, अन् तू उठून चालली गेली?

रक्षा : तुमी त्या एका गोष्टीच्या आधारानं उभ्या होत्या. मी धाडलं, या गोष्टीच्या. ती काढून घेतली असती तं तुमी तिथंच पडल्या असत्या. यायची आई होत्या तुमी. मंग म्हणलं, सांगीन थोड्या दिवसांनी. दिवस गेले. मंग राग आला. लई राग होता आई, खोटं नाही बोलत. वर्षभर हे पुस्तक मी रागानंच जपलं, कवातरी जाऊन तुमच्यासमोर आपटीन म्हणून.

गिरजाबाई : मंग आली काहून नाई आपटाले?

रक्षा : चिठ्ठीत तुमचं नाव आलं. त्याच्या खाली तळ्याचं पुस्तक, अडीच मिनिटं. मले वाटलं, चुकून लागलं असन. दुसऱ्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्यात पुन्हा. तवा मी हे काढलं, घड्याळ समोर ठेवलं अन् पहिलं पान मोठ्यानं वाचलं. अडीच मिनिटं लागली.

मारोतराव : आई वो...

रक्षा : राग तिथंच गेला माझा. काहून बंद करता ते मले माहीत होतं, आई. फक्त तुमच्या तोंडून ऐकाचं होतं.

गिरजाबाई : पान वाचून झालं अन् तो म्हणला, 'बाकीचं संध्याकाळी घरी आल्यावर.' मोबाइलमधी जो माणूस वाचते, त्याचा आवाज परका हाय, रेडिओवाल्यासारखा जाडा. पण शब्द तेच हायेत ना. एवढ्या पानभर त्या जाड्या आवाजाच्या मागून मले माह्या वीरू ऐकू येते. मंग पान संपते. पुढचे शब्द वीरूनं मले वाचलेच नाई. ते त्या परक्या माणसाचेच. तिथं मी बंद करते.

रक्षा : मी वाचू का पुढं? दुसरं पान. हळूहळू वाचीन.

गिरजाबाई : नको माय. 'बाकीचं घरी आल्यावर' म्हणला होता तो. पुढचं ऐकलं म्हणजे तो घरी येणारच नाई, हे मले कबूल करा लागन. अजून नाई होत माह्यानं.

मारोतराव : मी... मी चाय ठेवतो. रक्षे, साखर किती घेत होती तू? विसरून गेलो मी.

रक्षा : कमी, मामाजी.

गिरजाबाई : गेले का ते?

रक्षा : गेले. आपल्याकडं पाठ करून चुलीपाशी उभे आहेत.

गिरजाबाई : रडू दे. त्याच्या मयतीत बी रडले नव्हते, लोकायच्या जेवनाचं पाहात होते. तुह्या हात दे इकडं. माफ कर म्हणाले तोंड नाई मले.

रक्षा : नका म्हणू.

गिरजाबाई : म्हणतेच. तो गेला, ते कोणाच्या हातात नव्हतं. तू गेली, ते माह्या हातानं. ज्या दिवशी तुले धरून रडाचं होतं त्या दिवशी तुले दारातून काढलं. दोन लेकरं गमावली मी एका महिन्यात, अन् एकाचंच सुतक पाळलं.

रक्षा : आई, बस करा. बस करा आता.

गिरजाबाई : बरं. डोळे पुस. मलेबी कळते, दिसत नसलं तरी. तो मोबाइल घे, अन् यादी काढ.

रक्षा : मामाजी म्हणतात तो मोठावाला घेतला तरी चालन आई. मराठी पुस्तकं जास्त आहेत त्याच्यात. आमचंच दुकान नाही, तं आता...

गिरजाबाई : यादी वाच म्हणलं ना.

रक्षा : नागपूरची तीन आहेत. अमरावतीचं एक. वर्धा. चंद्रपूर...

गिरजाबाई : गोंदियाचं हाय का?

रक्षा : आहे. एक आहे. बाजारात. सत्यभामाबाई म्हणून आहेत, त्या चालवतात. मी पाहून आली मागच्या वेळी. लहानच आहे, पण पुस्तकं चांगली ठेवली आहेत.

गिरजाबाई : तुह्या नव्या घराहून किती लांब?

रक्षा : पायी दहा मिनिटं.

गिरजाबाई : तेच निवड.

रक्षा : निवडलं. आता विचारून राहिलं आहे, दुकानदाराले नाव कळवायचं का?

गिरजाबाई : हो म्हण. या बारीले घाईत नाई म्हणून राहिली.

रक्षा : हो केलं, आई.

गिरजाबाई : म्हणजे चिठ्ठी आता त्या बाईले जाईन. तुले नाई येणार.

रक्षा : नाही येणार.

गिरजाबाई : मंग ऐक. इथं आता तुह्यं येणं-जाणं नाई होणार, ते मले समजते. नव्या घरात पहिल्या सासूचं नाव बी काढू नको. पण महिन्यातून एक बार त्या सहा वर्साच्या लेकीचा हात धरून त्या दुकानात जाजो. तिले एखादं पुस्तक घेऊन देजो. पहिलं पान तिथंच वाचून दाखवजो. अन् निंगता निंगता त्या बाईले सहज विचारजो, आंधळगावची म्हातारी पहिल्या पानाच्या पुढं गेली का म्हणून.